एका आण्याचा कारभार : मुंबई इलाख्यातील लोकल बोर्डे

महाराष्ट्रातील ग्रामीण स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगताना तो बहुतेकदा १ मे १९६२ पासून, म्हणजे जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या त्या दिवसापासून, सांगायला घेतला जातो. त्यापूर्वी जवळजवळ ऐंशी वर्षे ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा, नाशिक आणि खानदेश या जिल्ह्यांत रस्ते, विहिरी, दवाखाने, धर्मशाळा आणि प्राथमिक शाळा यांचा भार जिल्हा लोकल बोर्ड नावाची संस्था वाहत होती. तिच्या हाताखाली तालुका लोकल बोर्डे होती आणि तिच्याही आधी वीस वर्षे लोकल फंड कमिट्या होत्या. ही परंपरा आज जवळजवळ विस्मरणात गेली असली, तरी जिल्हा परिषदेचे अधिकार, तिची आर्थिक दुबळीक आणि तिच्यातील अधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्यातील ताण यांची मुळे लोकल बोर्डांतच सापडतात. या साऱ्या इतिहासाला एक सूत्र आहे आणि ते असे, की ग्रामीण रयतेकडून पैसा आधी घेतला गेला आणि तो कसा खर्च व्हावा हे ठरवण्याचा अधिकार तिला नंतर, तोही फार सावकाश आणि तुकड्यातुकड्यांनी, मिळाला.

या पैशाची सुरुवात १८६३ साली झाली. सर बार्टल फ्रियर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातेतील कापसाला अभूतपूर्व भाव आला होता. तो कापूस बंदरापर्यंत आणायचा तर रस्ते हवे होते, आणि सरकारी तिजोरीतून गावोगावचे रस्ते बांधण्याची सरकारची तयारी नव्हती. तेव्हा जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा, जादा घ्यावा आणि तो त्याच जिल्ह्यात खर्चावा असे ठरले. या जादा कराला लोकल फंड उपकर म्हणत. त्याचे दोन तृतीयांश रस्त्यांसाठी आणि एक तृतीयांश शाळांसाठी राखून ठेवले जात. बारा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याला आणखी बारा आणे मोजावे लागत आणि त्यांतले आठ आणे रस्त्यांच्या तर चार आणे शाळांच्या खात्यावर जमा होत. १८६५ नंतर कापसाचे भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाला, परंतु तेजीच्या दिवसांत बसवलेला उपकर कायम राहिला. प्रारंभी केवळ सरकारी हुकुमावर चाललेल्या या वसुलीला १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्याने कायद्याचा आधार मिळाला. शेतसाऱ्यावरील हा उपकर आजही पुसला गेलेला नाही. खातेदाराच्या नावे असलेल्या जमिनीचा एकत्रित हिशेब दाखवणाऱ्या गाव नमुना आठ-अ या उताऱ्यात आकारणीशेजारी जिल्हा परिषदेच्या उपकराचा जो रकाना असतो, तो या एका आण्याचाच वारसा होय.

उपकराच्या जोडीला काही लहानसहान उत्पन्ने होती. नदीवरच्या तरीचा मक्ता, रस्त्यावरचा टोल, मोकाट गुरांच्या कोंडवाड्यातील दंड, दगडाच्या खाणींची फी आणि मुसाफरी बंगल्यांचे भाडे हे सारे लोकल फंडात येत असे. हा फंड सांभाळण्यासाठी जिल्ह्याला एक कमिटी आणि प्रत्येक तालुक्याला एक कमिटी नेमलेली असे. जिल्हा कमिटीत कलेक्टर, त्याचे असिस्टंट आणि डेप्युटी कलेक्टर, बांधकाम खात्याचा एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर आणि शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर हे सरकारी सभासद असत, तर एक इनामदार आणि सहा जमीनदार हे खासगी सभासद असत. तालुका कमिटीत मामलेदार, शाळांचा डेप्युटी इन्स्पेक्टर आणि अन्य अधिकाऱ्यांसमोर एक इनामदार आणि तीन जमीनदार बसत. तालुक्याने आपल्या गरजा जिल्ह्याला कळवायच्या आणि जिल्ह्याने वर्षाचे अंदाजपत्रक करायचे, अशी कामाची वाटणी होती. कागदावर ही रचना समतोल दिसते, परंतु सहाही जमीनदार कलेक्टरनेच निवडलेले असल्यामुळे आणि ज्याच्या हातात सारावसुली आहे त्याच्याच अध्यक्षतेखाली बैठक भरत असल्यामुळे, समोर ठेवलेल्या कागदावर संमती देण्यापलीकडे त्यांना फारसे काम उरत नसावे असे मानायला जागा आहे.

शाळांसाठी राखलेल्या तिसऱ्या हिश्श्यावर सर्वांत तीव्र आक्षेप आला तो महात्मा फुले यांच्याकडून. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून चालणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा विरोध स्पष्टपणे मांडला आणि प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च व्हावा अशी मागणी केली. ज्याच्याकडून पैसा घेतला त्याच्या मुलापर्यंत तो पोचला पाहिजे, या मागणीत स्थानिक स्वराज्याचा सगळा नैतिक पाया आहे. मात्र पुढच्या कायदेकारांनी तिच्याकडे लक्ष द्यायला चार दशके घेतली.

त्याच वर्षी, १८ मे १८८२ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव काढला. जिल्ह्यापेक्षा लहान क्षेत्रासाठी, म्हणजे तालुक्यासाठी, मंडळे असावीत. त्यांत सरकारी अधिकारी एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावेत. शक्य तेथे सभासद निवडून यावेत आणि अध्यक्षही बिनसरकारी असावा, असा त्याचा आशय होता. कारभार अधिक स्वस्त किंवा अधिक कार्यक्षम होईल अशी रिपन यांची अपेक्षा नव्हती. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे हा हेतू त्यांनी उघडपणे पुढे ठेवला होता. मुंबईत तेव्हा सर जेम्स फर्ग्युसन यांचे सरकार होते आणि अध्यक्षपद कलेक्टरच्या हातून काढून घ्यायला ते उत्सुक नव्हते. म्हणून १८८४ चा मुंबई लोकल बोर्ड कायदा रिपन यांच्या ठरावातून जन्मला खरा, पण त्याच्या आत्म्यापासून बराच दूर राहिला. तालुका लोकल बोर्ड आणि जिल्हा लोकल बोर्ड अशी दोन पायऱ्यांची रचना झाली, काही जागा निवडणुकीने भरल्या जाऊ लागल्या, जिल्हा बोर्डावर तालुका बोर्डांचे प्रतिनिधी जाऊ लागले. परंतु जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर आणि तालुका बोर्डाच्या अध्यक्षस्थानी प्रांताधिकारी ही व्यवस्था चालू राहिली. मतदानाचा हक्कही ठरावीक सारा भरणारे जमीनधारक, इनामदार आणि अशाच मोजक्या लोकांपुरता होता.

तरीही १८८४ चा कायदा निरर्थक होता असे म्हणता येणार नाही. त्याने ग्रामीण भागासाठी प्रथमच एक कायदेशीर व्यक्तित्व असलेली संस्था निर्माण केली, जिच्या नावावर मालमत्ता असू शकत होती, जिला आपले अंदाजपत्रक होते आणि जिच्या बैठकीचे इतिवृत्त ठेवावे लागत होते. बोर्डाच्या कर्तव्यांची यादी पाहिली की तिची व्याप्ती लक्षात येते. रस्ते व पूल बांधणे आणि दुरुस्त ठेवणे. दवाखाने, बाजार आणि धर्मशाळा उभारणे. सार्वजनिक तळी व विहिरी खोदणे आणि पिण्याच्या पाण्याची सोय करणे. देवी टोचणे आणि आरोग्यरक्षणाची कामे करणे. रस्त्याच्या दुतर्फा झाडे लावून ती जगवणे. जनावरांच्या दवाखान्यांना जागा देणे. आणि दुष्काळात मदतीची कामे काढणे, या साऱ्यांचा तीत समावेश होता. शाळांवरील खर्च तर सुरुवातीपासूनच होता. घाटमाथ्यावरच्या जुन्या रस्त्यांकडेचे वड आणि देवी टोचायला गावात येणारा कर्मचारी यांमागे हीच यादी होती.

या कर्तव्यांच्या तुलनेत उत्पन्न तोकडे होते आणि ते तोकडेच राहावे अशी रचनाच होती. मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीत शेतसाऱ्याची आकारणी साधारणतः तीस वर्षांसाठी ठरत असे. उपकर त्या साऱ्याच्या प्रमाणात असल्याने तोही तीस वर्षे जवळजवळ गोठून राही, मात्र मजुरी, दगड, चुना आणि मास्तरांचा पगार यांच्या किमती वाढत जात. दुष्काळात सरकारने साऱ्याची वसुली तहकूब केली की उपकरही तहकूब होई, म्हणजे १८९६-९७ आणि १८९९-१९०० यांसारख्या वर्षांत बोर्डापुढे मदतकार्याचा भार सर्वांत जड असे नेमके तेव्हाच त्याच्या तिजोरीत पैसा येत नसे. दुसरा दोष न्यायाचा होता. उपकर फक्त जमिनीवर होता. गावातला सावकार, अडत्या किंवा व्यापारी लोकल बोर्डाचाच रस्ता वापरून माल नेई, पण त्याच्या नफ्यावर बोर्डाचा असा कर नव्हता. ग्रामीण स्वराज्याचा सारा भार सर्वांत आधी नांगर धरणाऱ्यावर टाकणारी ही पद्धत पुढील सुधारणांनीही मुळातून बदलली नाही. त्यांनी उपकराचा दर वाढवला, कालांतराने तो रुपयामागे दोन-तीन आण्यांपर्यंत नेला, आणि उरलेली तूट सरकारी अनुदानाने भरून काढली. अनुदानाबरोबर अटी येतात आणि अटींबरोबर तपासणी येते, त्यामुळे अध्यक्षस्थानी कोण बसते हा प्रश्न सुटला तरी पैशाची दोरी कोणाच्या हाती आहे हा प्रश्न तसाच राहिला.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वातावरण बदलू लागले. १९०९ साली विकेंद्रीकरण आयोगाने ग्रामपंचायती आणि तालुका मंडळे बळकट करण्याची शिफारस केली. मे १९१८ मध्ये हिंदुस्थान सरकारने निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत आणि बिनसरकारी अध्यक्ष यांचा पुरस्कार केला, आणि माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते कौन्सिलला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपवले. याचे फळ म्हणजे १९२३ चा मुंबई लोकल बोर्ड कायदा. मतदानाची पात्रता खाली आणली गेली, निवडून आलेल्या सभासदांचे प्राबल्य झाले आणि निर्वाचित अध्यक्षाची प्रथा पक्की झाली. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघही होते. सरकारी नेमणुकीच्या काही जागा मात्र उरल्या.

त्याच वर्षीच्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याचे महत्त्व याहून कमी नव्हते, किंबहुना खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने ते अधिक होते. तोपर्यंत बोर्ड शाळांसाठी पैसे देत असे, पण शाळा चालवत असे ती शिक्षण खात्याची यंत्रणा. आता प्राथमिक शाळांचे व्यवस्थापन जिल्हा लोकल बोर्डांच्या शाळामंडळांकडे, म्हणजे स्कूल बोर्डांकडे, आले. मास्तरांच्या नेमणुका, बदल्या आणि बढत्या गावच्या निवडणुकीशी जोडल्या गेल्या. व्हर्नाक्युलर फायनल ही परीक्षा उत्तीर्ण झालेला बहुजन समाजातील तरुण शिक्षकाची नोकरी मिळवू शकला, ही या बदलाची मोलाची बाजू होती. बदलीच्या धाकाने शिक्षकाला प्रचाराला जुंपता येऊ लागले, ही त्याची काळी बाजू होती. शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरची, लोकांच्या भाषेतल्या दिपोटीची, जरब कमी झाली आणि बोर्डाच्या सभासदाची वाढली. १९२९ साली हार्टोग समितीने देशभरातील प्राथमिक शिक्षणाचा आढावा घेताना स्थानिक संस्थांकडे अधिकार देण्यात घाई झाल्याचे मत दिले, आणि १९३८ च्या दुरुस्तीने मुंबई सरकारने शाळांच्या कारभारावरील आपला ताबा पुन्हा वाढवला. १९४७ च्या नव्या प्राथमिक शिक्षण कायद्यातही हीच दिशा राहिली. गैरवापर खरा होता, तरी त्यावरचा उपाय प्रत्येक वेळी अधिकार वर ओढून घेण्यातच शोधला गेला, याची नोंद घ्यावी लागते.

लोकल बोर्डांची खरी कसोटी विहिरीवर लागली. सर्वांच्या साऱ्यावरील उपकरातून खोदलेल्या विहिरीवर अस्पृश्य मानलेल्या जातींना पाणी भरू दिले जात नव्हते, आणि त्याच फंडातून चालणाऱ्या शाळेत त्यांच्या मुलांना बाहेर किंवा वेगळे बसवले जात होते. सी. के. बोले म्हणून परिचित असलेले रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव याच विसंगतीवर बोट ठेवत होता : सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठराव संमत झाला आणि सरकारने त्याप्रमाणे आपल्या खात्यांना व स्थानिक संस्थांना कळवले. पण बोर्डाने ठराव करणे आणि विहिरीवर प्रत्यक्ष घागर बुडणे यांत गावाचा विरोध उभा होता, आणि बोर्डावर निवडून आलेले सभासद त्याच गावाच्या मतांवर अवलंबून होते. महाडचे चवदार तळे नगरपालिकेच्या हद्दीतले असले, तरी १९२७ च्या सत्याग्रहामागचा कायदेशीर आधार बोले ठरावाशी जोडलेला होता. पुढे ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, जिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते, १९३० च्या आपल्या अहवालात मागासलेल्या वर्गांच्या शाळा आणि पाणी या प्रश्नांचा सविस्तर विचार केला. स्थानिक स्वराज्य म्हणजे आपोआप न्याय नव्हे, हे लोकल बोर्डांच्या इतिहासाने ठळकपणे दाखवले. स्थानिक बहुमतापुढे दुबळ्याचा हक्क टिकवायचा तर वरच्या सत्तेचा आधार लागतो, ही आंबेडकरांची भूमिका अशा अनुभवांवर उभी होती.

उलट दिशेचे उदाहरण वऱ्हाडात सापडते. विदर्भ तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडचा भाग होता आणि तिथे लोकल बोर्डांच्या वर जिल्हा कौन्सिल ही संस्था होती. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला आणि शिक्षणासाठी कर वाढवण्याचे धाडस केले. निवडून आलेला अध्यक्ष स्वतःच्या मतदारांना न आवडणारा निर्णय घेऊ शकतो, हे त्यांनी दाखवले.

१९२३ नंतर मुंबई इलाख्याच्या मराठी जिल्ह्यांत बोर्डांची सत्ता हळूहळू पुण्या-मुंबईच्या वकिलांकडून आणि इनामदारांकडून मराठा व इतर शेतकरी जातींतील पुढाऱ्यांकडे सरकत गेली. ब्राह्मणेतर चळवळ आणि सत्यशोधक समाज यांनी गावोगाव केलेल्या जागृतीला बोर्डाच्या निवडणुकीत प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र मिळाले. हे पुढारी १९३० नंतर मोठ्या संख्येने काँग्रेसमध्ये आले, तेव्हा त्यांनी अंदाजपत्रक वाचण्याची, ठराव मांडण्याची आणि अधिकाऱ्याला जाब विचारण्याची सवय सोबत आणली. पुढे राज्याचे मंत्री झालेले बाळासाहेब देसाई यांनी सातारा जिल्हा लोकल बोर्डाच्या अध्यक्षपदाचा अनुभव घेतला होता. सहकारी संस्था आणि लोकल बोर्डे या दोन शाळांत महाराष्ट्राच्या ग्रामीण राजकारणाची पहिली पिढी शिकली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

१९३८ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात सरकारनियुक्त सभासद ठेवण्याची पद्धत बंद झाली आणि तालुका लोकल बोर्डे रद्द झाली. पहिला निर्णय निर्विवाद प्रगतीचा होता. दुसरा मात्र पुन्हा तपासण्याजोगा आहे, कारण रिपन यांच्या मूळ कल्पनेत लोकांच्या सर्वांत जवळचे मंडळ म्हणजे तालुक्याचेच मंडळ होते. पैशाअभावी ते निकामी झाले होते हे खरे असले, तरी ते काढून टाकल्याने गावातील ग्रामपंचायत आणि दूरचे जिल्हा बोर्ड यांच्यामध्ये चोवीस वर्षे काहीच उरले नाही. स्वातंत्र्यानंतर स्वतंत्र मतदारसंघ जाऊन संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा आल्या, आणि त्यानंतर प्रौढ मतदानाने साऱ्याची अट संपली. जो एक आणा भरत नव्हता तोही आता मतदार झाला.

मध्यप्रांताने याच काळात वेगळा प्रयोग केला. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने झालेल्या १९४८ च्या कायद्याने जिल्हा कौन्सिले मोडून तहसीलवार जनपद सभा स्थापन केल्या. स्थानिक संस्था आणि महसुली प्रशासन यांना एकाच चौकटीत बसवायचे, सरकारी अधिकाऱ्यालाच सभेचा कार्यकारी अधिकारी करायचे, अशी ती योजना होती. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत जिल्हा बोर्डांवर अव्वल तालुकदाराचे, म्हणजे तिथल्या कलेक्टरचे, वर्चस्व होते आणि लोकनियुक्त कारभाराला कायद्याची नवी चौकट हैदराबाद राज्याच्या शेवटच्या दिवसांत मिळाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले तेव्हा एका राज्यात ग्रामीण स्थानिक कारभाराच्या तीन वेगळ्या पद्धती शेजारीशेजारी नांदत होत्या.

त्या एक करण्याचे काम १९६० मध्ये महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे आले. त्यापूर्वी १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाची जी योजना सुचवली होती तिच्यात विकास गटाच्या पातळीवरील पंचायत समिती हा मुख्य घटक होता, आणि राजस्थानसह अनेक राज्यांनी ती स्वीकारली. नाईक समितीने मार्च १९६१ मध्ये दिलेल्या अहवालात वेगळी निवड केली : नियोजन, तज्ज्ञ कर्मचारी आणि पुरेसा निधी जिल्ह्याच्या पातळीवरच एकत्र आणता येतो, म्हणून जिल्हा परिषद हीच बलवान संस्था असावी. या निवडीमागे जिल्हा लोकल बोर्डांच्या अनुभवाचा वाटा मोठा होता असे दिसते. मुंबई इलाख्याच्या जिल्ह्यांत जिल्ह्याच्या पातळीवर कारभार करण्याची सवय, नेतृत्व आणि कचेरी हे तिन्ही आधीच तयार होते, आणि तालुक्याच्या पातळीवर १९३८ पासून काहीच नव्हते.

१९६१ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्डे, विदर्भातील जनपद सभा आणि मराठवाड्यातील जिल्हा बोर्डे एकाच वेळी संपुष्टात आणली. त्यांचे रस्ते, इमारती, दवाखाने, कर्मचारी आणि देणी नव्या परिषदांकडे गेली, प्राथमिक शिक्षकही गेले. फ्रियर यांच्या काळापासून चालत आलेला कलेक्टर मात्र या रचनेत मुद्दाम बाहेर ठेवला गेला. परिषदेच्या कामासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद निर्माण झाले, तो अधिकारी राज्य सरकारने नेमायचा आणि त्याने निवडून आलेल्या अध्यक्षाच्या व समित्यांच्या निर्णयांची अंमलबजावणी करायची अशी रचना ठरली. उपकर कायद्यात राहिला, पण जमीन महसुलाचे महत्त्वच ओसरत गेल्याने परिषदेच्या अंदाजपत्रकातील त्याचा वाटा नगण्य झाला, आणि तिचा बहुतांश पैसा आज राज्याच्या व केंद्राच्या अनुदानांतून, ठरवून दिलेल्या योजनांसाठी, येतो.